केबल थंड, तरी अलार्म: ईव्हीच्या हाय-व्होल्टेज केबलवरचे फायबर सेन्सर खोटं तापमान का दाखवतात

तक्रार साधारण एकाच पठडीतली असते. चाचणीच्या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत (बॅटरीचा करंट मोटरला लागतो तसा बदलून देणारा भाग) जाणाऱ्या नारिंगी केबलवर ऑप्टिकल फायबरचे ग्रेटिंग सेन्सर बसवलेले आहेत. गाडी उभी असताना आकडे व्यवस्थित. गुळगुळीत रस्त्यावरही ठीक. स्पीडब्रेकर, खड्डा किंवा जोराचा ब्रेक आला की एखाद-दुसरा सेन्सर क्षणात दहा-पंधरा अंश वर उडी मारतो आणि अलार्म वाजतो. गाडी बाजूला घेऊन थर्मल कॅमेऱ्याने बघावं, तर केबल जेमतेम कोमट. सेन्सर बदलला की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

बहुतेक ठिकाणी यावर पहिला उपाय होतो तो सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर टाकण्याचा. पाच-दहा सेकंदांची सरासरी घेतली की उड्या दिसेनाशा होतात आणि तक्रार बंद होते. मला हा उपाय पहिल्या पायरीवर अजिबात मान्य नाही. केबल तापली तर कळावं म्हणून तो सेन्सर लावलेला आहे, आणि त्या गाडीत माणसं बसणार आहेत. आकडा खोटा का येतो हे समजून न घेता तो झाकला, तर खरा आकडा येईल त्या दिवशी त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसेल.

आधी हिशेब: केबल इतक्या वेगाने तापू शकते का?

५० चौ.मिमी तांब्याची लवचिक केबल घ्या. २० अंशांना तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.३९ मिलिओहम असतो. २०० अँपिअर करंटला मीटरमागे साधारण १५ वॅट उष्णता तयार होते, ४०० अँपिअरला चौपट, म्हणजे ६० वॅटच्या थोडी वर. एक मीटर तांब्याचं वजन जवळपास ४५० ग्रॅम आणि त्याला एक अंशाने तापवायला सुमारे १७० ज्यूल लागतात. बाहेर काहीच उष्णता जात नाही असं धरलं, तरी ४०० अँपिअरला तांबं सेकंदाला एक तृतीयांश अंशाच्या आसपासच तापेल. त्यावर इन्सुलेशनचा थर आहे, त्यामुळे केबलच्या पृष्ठभागावरचा सेन्सर याहूनही सावकाश चढणार.

थोडक्यात, शॉर्ट सर्किट नसेल तर अर्ध्या सेकंदात १२ अंश चढणं केबलला शक्य नाही. अर्ध्या सेकंदात १२ अंश उतरणं तर कोणत्याच परिस्थितीत शक्य नाही. तुमच्या लॉगमध्ये खाली जाणाऱ्या तीव्र उड्याही असतील, तर निदान जवळजवळ झालंच म्हणून समजा. म्हणून सर्वात आधी कच्चा डेटा मागवा. सरासरी काढलेला, सेकंदाला एक आकडा असलेला लॉग इथे उपयोगाचा नाही. १०० हर्ट्झचा असेल तर उत्तम, १० हर्ट्झचाही चालेल.

मग सेन्सर काय मोजतोय?

ग्रेटिंग म्हणजे फायबरच्या गाभ्यात ठरावीक अंतराने बदलत जाणारा अपवर्तनांक. त्यातून एकच तरंगलांबी परत फिरते, बाकी प्रकाश पुढे जातो. तापमान बदललं की परत येणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात अंशामागे सुमारे १० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). पण फायबर ताणला गेला तरीही ती सरकते, मायक्रोस्ट्रेनमागे सुमारे १.२ पिकोमीटर (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एका भागाची वाढ). फायबरमध्ये प्रकाश सोडून परत आलेला वाचणाऱ्या यंत्राला, म्हणजे इंटरोगेटरला, फक्त तरंगलांबी दिसते. ती तापमानामुळे सरकली की ताणामुळे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. तुम्ही त्याला ‘हा तापमानाचा सेन्सर आहे’ असं सांगितलंय, म्हणून तो आलेला प्रत्येक पिकोमीटर अंशांत बदलून देतो. पुलांवर आणि विमानांच्या पंखांवर हीच ग्रेटिंग ताण मोजण्यासाठी लावतात आणि तिथे तापमान ही ब्याद ठरते. आपल्याकडे उलटं आहे.

आता आकडे पाहा. १०० मायक्रोस्ट्रेन म्हणजे १२० पिकोमीटर, म्हणजे १२ अंशांचा भास. आणि १०० मायक्रोस्ट्रेन किती थोडा असतो? १६ मिमी जाडीची केबल ८० मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकली तर तिच्या बाहेरच्या कडेला एवढा ताण येतो. ८० मीटर त्रिज्येचा बाक डोळ्याला दिसतही नाही, केबल सरळच वाटते. इन्सुलेशन मऊ असतं, ते सगळा ताण फायबरला पोचवत नाही हे खरं. पण दोन क्लॅम्पच्या मधली केबल खड्ड्यात जेवढी हलते, ती या बाकाच्या कित्येक पट असते. त्यातला थोडासा हिस्सा पोचला तरी अलार्म वाजायला पुरतो.

खात्री करण्याच्या दोन चाचण्या

पहिली हाताने करायची, पण त्याआधी सुरक्षिततेचं पूर्ण करा. सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीचं सर्किट तोडणारा, हाताने काढायचा प्लग) काढा, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा म्हणजे इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे होतील, आणि १००० व्होल्टच्या योग्य रेटिंगच्या मीटरने व्होल्टेज शून्य आहे हे स्वतः तपासा. विजेपासून वाचवणारे क्लास ० चे रबरी हातमोजे घालूनच. डिस्कनेक्ट काढला म्हणजे झालं, असं धरून कोणी केबलला हात लावू नये. इंटरोगेटर चालू असेल तर उघड्या फायबरच्या टोकात बघू नका. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही.

आता इंटरोगेटर चालू ठेवून, गाडी थंड असताना, सेन्सरच्या दोन्ही बाजूंना केबल हळूच वर-खाली वाकवा. करंट शून्य, तापमान स्थिर. तरी आकडा हलला, तर तो ताण आहे. कोणता सेन्सर किती हलतो ते लिहून ठेवा. पुढे दुरुस्ती झाल्यावर याच आकड्यांशी तुलना करायची आहे.

दुसरी चाचणी चालत्या गाडीत, आवाराच्या आतल्या रस्त्यावर. एकाच स्पीडब्रेकरवरून एकदा मोटर खेचत असताना जा आणि एकदा न्यूट्रलमध्ये, करंटशिवाय, तेवढ्याच वेगाने जा. उडी दोन्ही वेळा सारखी आली तर करंटचा संबंध नाही. ही चाचणी अशासाठी सांगतोय की ब्रेकिंगच्या वेळी मोठी फसगत होते. ब्रेक लावला की गाडी पुढे झुकते, केबल हलते, आणि त्याच क्षणी रिजनरेशनचा, म्हणजे मोटरकडून बॅटरीत परत जाणारा, करंटही उलटा वाहतो. ग्राफवर करंट आणि ‘तापमान’ एकत्र उसळलेले दिसतात, आणि ‘बघा, करंटमुळेच तापतंय’ असं म्हटलं जातं. करंटमुळे तापलेली केबल करंट थांबल्यावर मिनिटं घेऊन निवते. उडी त्याच क्षणी मागे आली तर ती उष्णता नव्हती.

केबल उघडल्यावर काय सापडतं

नेहमी सापडणारी जागा म्हणजे क्लॅम्पच्या आसपासचे चार-पाच सेंटिमीटर. हार्नेस (केबलचा जुडगा) बांधणाऱ्याने कोरुगेटेड पाइप बसवला, वरून केबल टाय आवळला, आणि फायबर नेमका टायच्या खाली आला. बाहेरून काहीच दिसत नाही. पाइप कापून बाजूला केला की इन्सुलेशनवर टायच्या दातांची रेघ आणि त्या रेघेत रुतलेला फायबर दिसतो. इंटरोगेटरवर नुसता आकडा न बघता पूर्ण स्पेक्ट्रम उघडला तर हे आधीच कळतं. निरोगी ग्रेटिंगचं शिखर उंच आणि सुबक असतं. आडवा दाब असेल तर ते रुंद होतं आणि जास्त दाबाला चक्क दोन शिखरांत फुटतं. मग पीक शोधणारा प्रोग्रॅम कधी डावं शिखर पकडतो, कधी उजवं, आणि आकडा त्या दोहोंमध्ये लंबकासारखा झुलत राहतो. असा सेन्सर दिसला की कॅलिब्रेशन करत बसू नका. टाय कापा.

दुसरी सापडणारी गोष्ट म्हणजे इपॉक्सी. सेन्सर हलू नये म्हणून कोणीतरी ग्रेटिंग लगवर (केबलच्या टोकाचा, बोल्टने बसणारा धातूचा तुकडा) किंवा बसबारवर (करंट नेणारी धातूची पट्टी) घट्ट चिकटवलेलं असतं. उड्या कमी होतात, म्हणून काम चांगलं झाल्यासारखं वाटतं. पण काच अंशामागे ०.५५ मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावते आणि तांबं १७. घट्ट चिकटलेल्या फायबरला तांबं स्वतःबरोबर खेचत नेतं. १० पिकोमीटरऐवजी अंशामागे साधारण ३० पिकोमीटर मिळतात, ॲल्युमिनियमवर ३७ च्या आसपास. सॉफ्टवेअर अजून १० ने भागतंय. लग खरोखर ४० अंशांनी तापला की पडद्यावर १२० अंशांची वाढ दिसते. ही चूक उड्या मारत नाही. ती सावकाश, करंटच्या मागे मागे, अगदी खऱ्या तापमानासारखी वागते, म्हणून जास्त दिवस लपून राहते. ती पकडायची तर बाजूला एक साधा पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावर चालणारा तापमानाचा सेन्सर) लावून गाडी बंद असताना गरम हवेने जोड २०-३० अंश वर न्या आणि दोन्हींचे उतार ताडून बघा.

फायबर मोकळा ठेवायचा, पण उष्णता पोचली पाहिजे

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, आणि बसवण्याचं सगळं कसब इथेच आहे. चालणारी पद्धत अशी. ग्रेटिंग बारीक काचेच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत ठेवायचं. ग्रेटिंग सहसा १० मिमी लांब असतं, तेव्हा नळी किमान २५-३० मिमी घ्या, आणि आतला व्यास फायबरला सहज हलता येईल एवढा, साधारण अर्धा मिमी. एका टोकाला फायबर चिकटवा, दुसरं टोक आत मोकळं राहू द्या. एकाच फायबरवर पुढे आणखी ग्रेटिंग असतील तर मोकळं टोक शक्य नाही. तिथे दोन्ही तोंडं चिकटवायची, पण आत फायबर किंचित सैल, हलका बाक राहील असा ठेवून. ताणून चिकटवलात तर नळी असून नसल्यासारखी.

नळी केबलला मऊ राहणाऱ्या आरटीव्ही सिलिकॉनने बसवा, इपॉक्सीने नको. वरून उष्णता टिकवणाऱ्या टेपचा एक वेढा द्या, नाहीतर पंख्याची किंवा चाकाकडून येणारी हवा लागून सेन्सर खऱ्यापेक्षा थंड दाखवेल. नळी स्टीलची घेऊ नका. फायबर विजेचा वाहक नाही आणि इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा गोंगाट त्याला ऐकू येत नाही, म्हणून तर ४००-८०० व्होल्टच्या केबलवर धातूच्या तारांच्या थर्मोकपलऐवजी तो लावला. मग तिथे पुन्हा धातूचा तुकडा नेऊन ठेवायचं कारण काय?

दोन नळ्यांच्या मधला फायबर पीटीएफई स्लीव्हमधून न्या आणि प्रत्येक क्लॅम्पच्या अलीकडे-पलीकडे थोडा ढिला सोडा. साधा जी.६५२ फायबर असेल तर ३० मिमीपेक्षा लहान त्रिज्येचं वळण टाळा. जागा नसेल तर वाक सोसणारा जी.६५७ प्रकारचा घ्या. कोटिंगही बघा: नेहमीचं ॲक्रिलेट कोटिंग ८५ अंशांपर्यंतच टिकतं, तेव्हा लगजवळ पॉलिइमाइडच हवं.

हे झालं की पुन्हा हाताने वाकवण्याची चाचणी. आधी लिहिलेल्या आकड्यांच्या तुलनेत हालचाल एक अंशाच्या आत आली पाहिजे. नाही आली तर नळीत फायबर कुठेतरी अडकलाय.

आकडा उडत नाही, गायबच होतो

ही वेगळी तक्रार आहे आणि ती पहिलीत मिसळू नका. तरंगलांबी सरकली तर प्रश्न ताणाचा. आकडाच येत नसेल, मधूनमधून रिकामी जागा दिसत असेल, तर प्रश्न प्रकाशाचा. कनेक्टरवर धूळ, कुठेतरी तीव्र वळण, किंवा तडा गेलेला स्प्लाइस (फायबरचा सांधा). कनेक्टर मायक्रोस्कोपखाली बघा, लिंट न सुटणाऱ्या वाइपने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बघा. हिरवा एपीसी आणि निळा पीसी कनेक्टर एकमेकांत बसवलेत का तेही पाहा. एपीसीचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे दोन्ही टोकं खराब होतात आणि प्रकाश पोचत नाही.

सगळे सेन्सर एकाच वेळी, एकाच दिशेने, सावकाश सरकत असतील तर केबलकडे बघूच नका. इंटरोगेटर तापलाय. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो ठेवला असेल, तर त्याच्या माहितीपत्रकातली कमाल तापमानाची ओळ आधी वाचा.

एक सेन्सर दुसऱ्याचा आकडा दाखवू लागला तर खिडक्या, म्हणजे प्रत्येक ग्रेटिंगला नेमून दिलेले तरंगलांबीचे पट्टे, ओलांडल्या गेल्यात. उणे २० ते १८० अंश या टप्प्यासाठी प्रत्येक ग्रेटिंगला २ नॅनोमीटर जागा लागते, वर थोडी मोकळी. इपॉक्सीने चिकटवलेलं ग्रेटिंग तेवढ्याच टप्प्यात ६ नॅनोमीटर फिरतं आणि शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतं. मूळ दोष पुन्हा तिथेच.

पावसाळ्यातली घसरण

पुण्या-मुंबईकडच्या गाड्यांत जूननंतर एक गोष्ट लक्षात येते: गाडी रात्रभर उभी, सगळं थंड, तरी काही सेन्सर एक-दोन अंश किंवा त्याहून जास्त वर. पॉलिइमाइड हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि आतल्या काचेला ताणतं. हा परिणाम इतका नियमित आहे की पॉलिइमाइडचं कोटिंग दिलेली ग्रेटिंग आर्द्रता मोजायला वापरतात. किती अंश चढेल हे कोटिंगच्या जाडीवर ठरतं. नळीची तोंडं नीट बंद केलेली असतील तर परिणाम खूप मंदावतो. बंद नसतील, तर उन्हाळ्यात घेतलेलं शून्य जुलैत लागू पडत नाही. इथे सेन्सर बदलू नका. केबलपासून दूर, करंटचा संबंध नसलेल्या जागी त्याच बनावटीचं एक ग्रेटिंग ठेवा, शेजारी पीटी१००. दोघांतला फरक म्हणजे ओलाव्याचा वाटा. ओल्या हवामानात महिन्यातून एकदा तो बघितला तरी पुरे.

आणि केबल खरोखर तापत असेल तर

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण खोट्या अलार्मला कंटाळलेल्या टीमकडून खरा अलार्म सुटण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

केबल मधोमध क्वचितच जास्त तापते. तापतो तो जोड. चांगल्या क्रिम्प केलेल्या (केबलवर दाबून बसवलेल्या), योग्य टॉर्क दिलेल्या लगचा रोध दोन आकडी मायक्रोओहमांत असतो. ५० मायक्रोओहम आणि ३०० अँपिअरला ४.५ वॅट, काळजीचं कारण नाही. क्रिम्प सैल असेल, बोल्ट ढिला झाला असेल किंवा लगखाली रंगाचा थर राहिला असेल आणि रोध एक मिलिओहमवर गेला, तर त्याच करंटला ९० वॅट एका बोटभर जागेत तयार होतात. लग लहान, वस्तुमान थोडं, त्यामुळे तिथे सेकंदाला एक-दोन अंशांची चढण शक्य आहे. म्हणून वर सांगितलेला केबलचा हिशेब जोडाला जसाच्या तसा लावू नका.

खऱ्या तापाची खूण वेगळी असते. आकडा करंटच्या वर्गाच्या (करंट गुणिले करंट) मागे चालतो, चढायला आणि उतरायला वेळ घेतो, आणि रस्ता कसा आहे याची त्याला पर्वा नसते. बोरघाटासारखा लांब चढ यासाठी उत्तम: खोपोलीहून खंडाळ्याकडे सलग मोठा करंट जातो, आणि खराब जोड बाकीच्या सेन्सरपासून फुटून एकटाच वर चढत राहतो. उतरताना रिजनरेशनमुळे तो पुन्हा तापेल. तो करंटही त्याच लगमधून जातो, तेव्हा उतारावरचा चढता आकडा खोटा म्हणून सोडून देऊ नका.

अशा वेळी जोड उघडा. हीटश्रिंक तपकिरी पडलीय का, लगजवळचं इन्सुलेशन बोटाला कडक लागतंय का, टॉर्क दिल्यावर बोल्टवर ओढलेली रंगाची रेघ सरकलीय का. मग चार तारांच्या मायक्रोओहम मीटरने मोजा, आणि शेजारच्या चांगल्या जोडाशी तुलना करा. नुसता बोल्ट पुन्हा आवळून गाडी सोडू नका. एकदा तापलेली क्रिम्प पुन्हा घ्यावीच लागते.

अलार्मची पातळी ठरवतानाही एक गोष्ट विसरली जाते. केबलवर छापलेला तापमान-वर्ग वाहकाच्या तापमानाचा असतो. गाड्यांच्या केबलसाठीच्या आयएसओ मानकात क्लास सी म्हणजे १२५ अंश, क्लास डी म्हणजे १५०, आणि ही मर्यादा ३००० तासांच्या कसोटीवर ठरलेली आहे. तुमचा सेन्सर मात्र बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. ५० चौ.मिमीच्या सिलिकॉन केबलमध्ये स्थिर स्थितीत २०० अँपिअरला आतबाहेर साधारण ५ अंशांचा फरक पडतो, ४०० अँपिअरला २० च्या घरात. पृष्ठभागाचा अलार्म १५० वर ठेवलात तर तो वाजेपर्यंत आतलं तांबं १७० वर गेलेलं असेल. करंटनुसार हा फरक जोडूनच तुलना करा.

रामन पद्धतीचं, फायबरच्या पूर्ण लांबीवर सलग तापमान मोजणारं यंत्र लावून हे सगळं टाळता येईल का, असा प्रश्न हमखास येतो. बोगद्यातल्या किंवा जमिनीखालच्या लांब वीजवाहिन्यांसाठी ते उत्तम आहे, आणि त्याला ताणाचा त्रासही फारसा होत नाही. पण त्याचं अंतराचं विभेदन सहसा मीटरभर असतं. गाडीतली केबल मुळात दोन-तीन मीटर, आणि तापणारा लग चार सेंटिमीटर. त्या चार सेंटिमीटरची उष्णता मीटरभराच्या सरासरीत विरून जाते.

फिल्टर लावायचाच असेल तर तो आता, यांत्रिक काम झाल्यावर लावा, आणि आकडा गुळगुळीत करणारा नको. चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग जोडावर सेकंदाला ५ अंशांच्या आणि केबलवर १ अंशाच्या पुढे गेला, तर त्या नोंदीवर ‘सेन्सर संशयास्पद’ असा शिक्का मारा. नोंद पुसू नका, सरासरीत मिसळू नका. तारीख, किलोमीटर आणि सेन्सरचा क्रमांक यांसह ती वेगळ्या फाइलमध्ये जाऊ द्या. एकाच क्रमांकावर शिक्के वाढू लागले की त्या क्लॅम्पपाशी पुन्हा काहीतरी आवळलं गेलंय किंवा नळी सुटलीय, आणि गाडी पुढच्या सर्व्हिसला आली की टेक्निशियनने सर्वात आधी तिथला पाइप उघडायचा.